वाचकांचे प्रश्न : जलबागेतील वेखंड

प्रश्न : आमच्या अंगणात सिमेंटची जुनी गोल टाकी आहे. तिच्यात वेखंड लावावे, अशी सासूबाईंची इच्छा होती, म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेले चार तुकडे मातीत पुरून भरपूर पाणी दिले. पण महिना उलटला तरी एकही कोंब वर आलेला नाही. आपल्या हवेत वेखंड रुजत नाही काय? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपल्या हवेत वेखंड उत्तम रुजते, रुजत नाही ते दुकानातले. विक्रीसाठी काढलेल्या खोडाची पाने आणि मुळे छाटून त्याचे तुकडे कडक वाळवलेले असतात आणि त्यावरचे डोळे त्या वाळवणीतच मेलेले असतात, त्यामुळे ते कितीही भिजवले तरी फुटत नाही, कुजते मात्र. पुरलेले तुकडे काढून टाका. लागवडीसाठी बेणे ओलेच हवे, म्हणजे जिवंत झाडाच्या जमिनीलगत आडव्या पसरणाऱ्या खोडाचा बोटभर लांबीचा, टोकाला कोंब आणि खाली थोडी मुळे असलेला तुकडा. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकांत वेखंडाची रोपे मिळू शकतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे, तेथे किंवा आपल्या जवळच्या कृषी विद्यापीठात चौकशी करावी. हिमालयाच्या उतारांवर आणि मणिपूर-नागालँडच्या दलदलीत ही वनस्पती आपोआप वाढते, कर्नाटकात तुमकूर भागात तिची शेती होते. महाराष्ट्रात ती दिसते ती बहुतेक कोणीतरी लावलेलीच, म्हणून एखाद्या ओढ्याकाठी आढळली तरी उपटून आणू नये; मालकाच्या परवानगीने कडेचा एखादा फुटवा घ्यावा आणि मूळचे बेट तसेच राहू द्यावे.

रोप घेताना पाण्याकाठच्या दुसऱ्याच एखाद्या गवताळ झाडाशी गल्लत होऊ शकते. वेखंडाचे पान तलवारीच्या पात्यासारखे चपटे असते आणि त्याची ठळक शीर बरोबर मध्यातून न जाता एका कडेकडे सरकलेली असते. काही पानांच्या एका कडेला बारीक आडव्या चुण्याही दिसतात. बुडाशी पाने पंख्याप्रमाणे एकात एक बसलेली असतात व तेथे फिकट गुलाबी झाक असते. पाणकणसाचे पान त्यामानाने जाड, स्पंजासारखे असते आणि त्याला वास नसतो. शंका राहिलीच तर पानाचा छोटा तुकडा बोटांत चुरगाळावा. वेखंडाचा वास ज्याच्या नाकात लहानपणापासून बसला आहे त्याला पुढे काही सांगावे लागत नाही.

आता टाकीविषयी. टाकी जुनी असल्याने चिंता नाही, पण नव्या सिमेंटच्या टाकीत चुना सुटत राहतो आणि पाणी अल्कधर्मी होते, म्हणून ती तीन-चार वेळा भरून, प्रत्येक वेळी काही दिवसांनी रिकामी करून मगच वापरावी. वेखंड थेट टाकीत न लावता पसरट कुंडीत लावून ती कुंडी विटांवर टाकीत ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण खोड आडवे सरकत जाते आणि मोकळे सोडले तर दोन-तीन वर्षांत टाकीचा ताबा घेते. कुंडीला खोली २० ते २५ सेंटीमीटर पुरे, रुंदी मात्र ४० सेंटीमीटरच्या आसपास असावी. माती भातखाचरातील किंवा तळ्यातील चिकण घ्यावी. कोकोपीट आणि पालापाचोळ्याचे हलके मिश्रण येथे उपयोगाचे नाही. ते पाण्यावर तरंगते आणि उरलेले तळाशी सडते. खालच्या थरात दोन-तीन मुठी पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे, ताजे शेण कधीही घालू नये.

बेणे उभे खुपसू नये. आडवे ठेवून निम्मे-अधिक मातीत दाबावे, कोंबाचे टोक उघडे ठेवावे आणि ते कुंडीच्या कडेकडे न ठेवता मोकळ्या बाजूकडे वळवावे, म्हणजे झाडाला पुढे सरकायला जागा राहते. वर जाड वाळूचा दोन बोटे थर द्यावा. पहिले काही आठवडे माती फक्त चिखल राहील इतकेच पाणी असावे. पाने वीतभर झाली की पाण्याची पातळी मातीवर ५ ते ८ सेंटीमीटरपर्यंत वाढवावी. लागवडीसाठी जून-जुलै हा सर्वांत चांगला काळ आहे. कुंडीत मोकळी जागा दिसली तर तेथे जलब्राह्मीच्या दोन-चार काड्या टोचाव्या. ती चिखलावर पसरते, पांढरट-जांभळी बारीक फुले देते आणि वेखंडाच्या वाटेत येत नाही. जलपर्णी मात्र कितीही सुंदर फुलली तरी टाकीत आणू नये. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे, आणि पंचगंगेपासून उजनीपर्यंत तिने पाण्याची काय अवस्था केली आहे ते आपण पाहतोच.

प्रश्न : माझ्याकडे वेखंड तीन वर्षांपासून आहे. पाने हिरवीगार आणि कमरेइतकी उंच आहेत, परंतु फूल कधीच आले नाही. खत कोणते द्यावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कदाचित फूल येऊन गेले असेल आणि आपल्या नजरेतून सुटले असेल. वेखंडाच्या फुलोऱ्याला पाकळ्यांचा दिमाख नाही. पानासारख्याच दिसणाऱ्या दांड्याच्या मधल्या भागातून, एका बाजूला तिरके झुकलेले, करंगळीएवढे हिरवट-पिवळे कणीस बाहेर येते आणि दांडा तसाच पात्यासारखा वर निघून जातो, त्यामुळे उभ्याने पाहिले तर ते पानांतच हरवते. खाली वाकून भिंगातून पाहिले तर त्या कणसावर शंकरपाळ्याच्या आकाराची, एकमेकांना घट्ट चिकटलेली शेकडो फुले तिरप्या रांगांत मांडलेली दिसतात. ते पाहण्यासाठी वाकण्याचे कष्ट जरूर घ्यावेत.

फुलोरा खरोखरच येत नसेल तर खत हा उपाय नाही. नुसत्या ओलसर मातीत वेखंड जगते, पण फुलायला त्याचे पाय पाण्यात लागतात. कुंडीत पाणी उभे आहे ना आणि दिवसातून चार-पाच तास ऊन मिळते ना, हे पाहावे. खोडांची गर्दी झाली असेल, मधला भाग पोकळ होऊन पाने फक्त कडेलाच येत असतील, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड उपसून जुनाट भाग टाकून द्यावा आणि कोवळ्या टोकांची पुन्हा लागण करावी. बियांची मात्र वाट पाहू नये. आपल्याकडील वेखंड बहुतांशी त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले आहे आणि त्यामुळे ते बी धरत नाही. त्याचा वंश खोडाच्या तुकड्यांवरच चालतो.

प्रश्न : एप्रिलपासून पानांची टोके करपतात. पाणी तर रोज घालतो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : विदर्भातील दुपारचे ऊन वेखंडाला सोसत नाही; मार्च ते जून दुपारनंतर सावली मिळेल अशा जागी कुंडी हलवावी. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी हेही कारण असते, कारण रोज उडणाऱ्या पाण्याची जागा आपण त्याच पाण्याने भरतो आणि क्षार साचत जातात. अशा वेळी नुसती भर न घालता महिन्यातून एकदा सगळे पाणी बदलावे आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून धुऊन निघू द्यावी.

प्रश्न : गच्चीवर मोठा टब ठेवून त्यात वेखंड व इतर पाणवनस्पती लावायच्या आहेत, पण सोसायटीतील मंडळी डासांच्या भीतीने विरोध करतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्यांची भीती रास्त आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. केवळ वेखंडच लावायचे असेल तर सोपा मार्ग आहे : मातीवर खडीचा जाड थर द्यावा आणि पाणी खडीच्या आतच ठेवावे, वर दिसू देऊ नये. फुलोरा त्यामुळे कदाचित मिळणार नाही, पण पाने छान राहतात. उघडे पाणी हवेच असेल तर त्यात मासे हवेत. गप्पी सहज मिळतात, पण ते परदेशी आहेत आणि टब साफ करताना ते कधीही नाल्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारा देशी छोटा मासा मिळाला तर तो अधिक चांगला. उडी मारण्याची सवय असल्याने टबावर जाळी मात्र लागते. वजनाचाही विचार करावा. ६० सेंटीमीटर व्यासाच्या आणि ३० सेंटीमीटर उंचीच्या टबात सुमारे ८५ लिटर पाणी मावते आणि मातीसह त्याचे वजन १०० किलोच्या पुढे जाते, म्हणून तो गच्चीच्या मध्यावर न ठेवता खाली तुळई किंवा भिंत असलेल्या जागी ठेवावा आणि त्याआधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे.

प्रश्न : नातवाच्या बाळघुटीसाठी घरचेच ताजे वेखंड वापरता येईल का? (एक आजी, सांगली)

उत्तर : आजी, आपली माया समजते, तरीही घरचे असो वा दुकानचे, वेखंड बाळाच्या पोटात वैद्य किंवा बालरोगतज्ज्ञ यांना विचारल्यावाचून देऊ नये. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचा घटक असतो आणि आपल्याकडील त्रिगुणित प्रकारात त्याचे प्रमाण बरेच असते. उंदरांवरील प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे आढळल्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. पिढ्यान्‌पिढ्या सहाणेवर एक-दोन वेढेच उगाळले जात होते, हे खरे आहे, पण वेढा कोणाच्या हाताने किती मोठा पडतो याला माप नाही आणि तान्ह्या जिवाच्या बाबतीत ती जोखीम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मनगटात बांधलेला वेखंडाचा तुकडाही बाळ तोंडात घालतेच.

आपल्या हातच्या वेखंडाला घरात दुसरे काम भरपूर आहे. लागवडीला वर्ष झाल्यावर, पाने पिवळी पडू लागली की कडेची जाड खोडे काढावीत, धुऊन, मुळे छाटून, बोटभर तुकडे करून सावलीत वाळवावीत आणि मोडताना कट्कन आवाज आला की वाळली असे समजावे. पातळ सुती पुरचुंडीत बांधून ती लोकरीच्या कपड्यांत आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवावीत; कसर लागत नाही. वास मंदावला की पुरचुंडी बदलावी.