वाचकांचे प्रश्न : चोरपावलांनी खेळताना

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं वठवून खेळायच्या खेळातल्या लपतछपत जाणाऱ्या पात्रांबद्दल आहेत. उत्तरांत पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरले आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांनी जिथे खरोखर फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे. ‘रोग’ (rogue) क्लासच्या, म्हणजे चोरट्या प्रकारच्या, पात्राला इथे सरळ ‘चोर’ म्हटलं आहे. १९७५ मध्ये हा क्लास खेळात आला तेव्हा त्याचं नावही तेच होतं.

प्रश्न : आम्ही पाच जण खेळतो. माझा चोर पहिल्या लेव्हलचा, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, स्टेल्थमध्ये (लपतछपत जाण्यात) एक्स्पर्टीझ (खास प्रावीण्य). तरी कुठल्याही वाड्यात शिरलो की दुसऱ्या दाराशी आम्ही पकडले जातो. डीएम (खेळ चालवणारा) दर दाराला सगळ्यांकडून रोल (फासा टाकणं) मागतो. आमचं चुकतंय कुठे? (लश्कर)

उत्तर : तुमचा चोर ठीक आहे, रोल मागण्याची पद्धत चुकते आहे. आकडे मांडून बघा. तुमच्या चोराचा फाशात मिळवायचा बोनस +७ : डेक्स्टेरिटीचे ३ आणि एक्स्पर्टीझने दुप्पट झालेले ४. साध्या गार्डचं पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधताही सहज जाणवण्याचा आकडा) १२. त्याच्या वर जायला वीस बाजूंच्या फाशावर ६ पडले तरी पुरे, म्हणजे ७५ टक्के. आता तुमच्यातला चेनमेलवाला (कड्यांच्या जड चिलखतातला) फायटर घ्या, डेक्स्टेरिटी १०. त्याला १३ हवेत, म्हणजे ४० टक्के. त्यात चेनमेलमुळे डिसॲडव्हान्टेज, दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा, म्हणजे उरले १६ टक्के. तुम्ही दोघंच गेलात तरी दोघंही एका दारातून निसटण्याची शक्यता १२ टक्के, आणि दुसऱ्या दाराला पुन्हा रोल घेतला तर दीड टक्क्याच्याही खाली. बाकीचे तिघं अजून हिशेबात धरलेलेच नाहीत.

खेळाची ही खोड जुनी आहे. १९७८ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपण्याचे १० टक्के आणि आवाज न करता चालण्याचे १५ टक्के मिळत. डीएमने दोन्ही रोल मागितले की हाती राहायचा तोच दीड टक्का. एका कामासाठी जितके रोल जास्त, तितकं अपयश पक्कं.

डीएमला तीन गोष्टी सुचवा. पहिली, सगळे एकत्र चालत असतील तर ग्रुप चेक घ्या. सगळ्यांनी रोल करायचा. निम्मे किंवा जास्त पास झाले की अख्खी पार्टी पास. प्रत्येकाची शक्यता ७० टक्के धरली तर पाचही जण वेगवेगळे पास होण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के असते, ग्रुप चेकमध्ये तीच ८४ होते. चोराने फायटरचा हात धरून त्याला पुढे नेलं, असंच त्याचं चित्र समजा. हा नियम पुस्तकातलाच आहे, आपण काही सवलत मागत नाही.

दुसरी, एका टप्प्याला एकच रोल. तटापासून कोठीघरापर्यंतचा रस्ता हा एक टप्पा. उजेड बदलला, पायाखाली फरशीऐवजी वाळकी पानं आली, किंवा नवे कान जवळ आले, तरच नवा रोल. नुसतं दार आलं म्हणून नाही.

तिसरी, रोल हुकला की लगेच घंटा वाजायलाच हवी असं नाही. हा आमचा घरगुती नियम आहे, पुस्तकात सापडणार नाही : कागदावर एक गोल काढून त्याचे सहा भाग करा. हुकलेल्या रोलला एक भाग रंगवा, पाचने किंवा जास्तीने हुकला तर दोन. दोन भाग भरले की गार्ड थबकून कानोसा घेतो, चार भरले की जोडीदाराला हाक मारतो, सहा झाले की घंटा. हा कागद टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. चार भाग भरलेले दिसले की माघार घ्यायची का, हे खेळाडू आपणच कुजबुजत ठरवायला लागतात.

फायटरसाठी वेगळा उपाय : चेनमेलऐवजी चेन शर्ट. किंमत ५० सोन्याची नाणी, स्टेल्थला डिसॲडव्हान्टेज नाही. डेक्स्टेरिटी १० असेल तर एसी (बचावाचा आकडा) १६ वरून १३ वर येतो, हा तोटा खराच. आणि ऐनवेळी चेनमेल काढून ठेवू, हा बेत करू नका : ते उतरवायला ५ मिनिटं लागतात, पुन्हा चढवायला १०.

प्रश्न : माझ्या एल्फला डार्कव्हिजन (अंधारात बघण्याची शक्ती) आहे. मग अंधार आमच्या फायद्याचाच ना? (जनकगंज)

उत्तर : समोर माणूस असेल तर हो. त्याला अंधारात दिसत नाही, म्हणून तो मशाल घेऊन फिरतो. मशालीचा उजेड २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट मंद. तो तुम्हाला बघेल त्याच्या कितीतरी आधी तुम्ही त्याला बघता. पण डार्कव्हिजन म्हणजे लख्ख दिसणं नव्हे. मिट्ट अंधार तुम्हाला मंद उजेडासारखा भासतो, आणि मंद उजेडात नजरेच्या पर्सेप्शनला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे पॅसिव्ह आकड्यातून ५ वजा. समोरच्या गॉब्लिनला हे लागू, तसंच तुम्हालाही. जमिनीलगत ताणलेली दोरी न दिसून पाय अडकतो तो इथेच.

प्रश्न : लढाईत दर टर्नला त्याच खांबामागे लपून बाण मारायचा. डीएम म्हणतो चालणार नाही, मी म्हणतो कनिंग ॲक्शन त्यासाठीच आहे. (नया बाजार)

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. दुसऱ्या लेव्हलपासून कनिंग ॲक्शनने बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या जास्तीच्या छोट्या कृतीत) लपता येतं. पण जो तुम्हाला स्पष्ट बघतोय त्याच्यापासून लपता येत नाही, आणि लपण्याजोगी परिस्थिती आहे का हे २०१४ च्या नियमांत डीएमच ठरवतो. बाण सुटला की तो लागो वा न लागो, तुमची जागा उघड होते. पहिल्यांदा खांबामागून पूर्ण फायदा द्यावा, त्याच खांबामागून दुसऱ्यांदा डिसॲडव्हान्टेजने रोल घ्यावा, असं आमचं मत. तिसऱ्यांदा त्या खांबाकडे कोणी तरी धनुष्य ताणूनच उभं असेल. टर्नला ३० फूट चालता येतं, जागा बदला.

२०२४ च्या नियमांत हे जास्त नेमकं आहे. दाट अंधार किंवा धुकं हवं, नाहीतर निदान तीन-चतुर्थांश आडोसा. शत्रूच्या नजरेच्या रेषेबाहेर हवं. आणि रोल १५ च्या खाली नको. +७ वाल्याला ते ६५ टक्के वेळा जमतं. आलेली बेरीज हाच तुम्हाला शोधणाऱ्याचा डीसी (रोलने गाठायचा आकडा) होतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, हल्ला, मंत्रोच्चार, किंवा कोणी शोधून काढणं, यांतलं काहीही झालं की लपणं संपलं.

आणि एक, जे बरेच जण विसरतात : स्नीक अटॅकसाठी (चोराच्या जादा इजेच्या घावासाठी) लपावंच लागतं असं नाही. ज्याला मारताय त्याच्या पाच फुटांत तुमचा साथीदार लढत असेल, तुम्हाला डिसॲडव्हान्टेज नसेल आणि हातात फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा लांब पल्ल्याचं शस्त्र असेल, तर जास्तीचे फासे मिळतात. फायटरच्या बाजूला उभं राहून काम होत असताना खांबाशी वाद कशाला?

प्रश्न : विझार्डने इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य करणारा मंत्र) टाकली तरी कुत्र्यांनी मला पकडलं. हा अन्याय नाही का? (लश्कर)

उत्तर : नाही. अदृश्य माणसाच्या पावलांचा आवाज येतो, अंगाचा वासही येतो. मॅस्टिफ कुत्र्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन १३, पण कानाने आणि नाकाने शोधताना त्याला ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) असतो, म्हणजे १८ धरा. त्या मंत्राने आडोशाची गरज तेवढी संपते. स्टेल्थचा रोल द्यावा लागतोच. सायलेन्स (आवाज बंद करणारा मंत्र) टाकून चालत जाऊ म्हणाल, तर तो २० फूट त्रिज्येचा गोल एका जागी खिळलेला असतो, तुमच्याबरोबर सरकत नाही. दारापाशी किंवा घंटेपाशी टाकायला मात्र तो नामी आहे.

पार्टीत ड्रुइड किंवा रेंजर असेल तर पास विदाउट ट्रेस हा मंत्र मागा. ३० फुटांतल्या सगळ्या सोबत्यांना +१०, एकाग्रता टिकली तर तासभर. वर १६ टक्क्यांवर अडकलेला चेनमेलवाला याने ८१ टक्क्यांवर जातो. ड्रुइडला हा तिसऱ्या लेव्हलला मिळतो, रेंजरला पाचव्या.

प्रश्न : चोर एकटा पुढे टेहळणीला जातो आणि बाकीचे अर्धा तास मोबाइल बघत बसतात. (जनकगंज)

उत्तर : घड्याळ लावा. एकट्याचा प्रसंग पाच मिनिटांच्या वर नको. चोर काही तरी महत्त्वाचं बघतो त्या क्षणी थांबून दुसऱ्याकडे वळा. बाकीच्यांना गार्ड वाटून द्या. आपल्याच मित्राला अडवायची संधी कोणी सोडत नाही. टेहळणीचं फळ म्हणून चोराला कोऱ्या कागदावर नकाशा काढायला लावा, पाच फुटांना एक चौकोन, आणि त्यात त्याने काय चुकीचं काढलं ते डीएमने सांगू नये.

प्रश्न : आमच्या किल्ल्यावर, ग्वाल्हेरच्याच, एक रात्रीचा डाव रचायचा आहे. चोर मंडळींना जमेल असा कसा मांडावा? (लश्कर)

उत्तर : नवं काही रचायची गरजच नाही, ऑगस्ट १७८० ची रात्र घ्या. किल्ला महादजी शिंद्यांच्या शिबंदीकडे होता आणि इंग्रजांच्या पॉपहॅमच्या तुकडीने तो दोरशिड्या लावून घेतला. आपल्या बाजूने बघितलं तर खेदाचीच गोष्ट, पण डाव म्हणून यापेक्षा चांगला आराखडा मिळणार नाही. गोहदच्या राण्याच्या माणसांनी वाट दाखवली. शिपायांच्या पायांत कापूस भरलेले लोकरी जोडे होते, घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून. चढाईचे तीन टप्पे : १६ फुटांचा तुटलेला कडा, मग सुमारे ४० यार्डांचा उभा चढ, मग ३० फुटी भिंत. खाली पोचले तेव्हा वर गस्तीचे दिवे सरकत होते आणि पहारेकरी खोकत होते. ‘सगळं ठीक’ सांगायची त्यांची ती खूण होती. दिवे पुढे जाईपर्यंत खालचे थांबले.

हे सगळं टेबलावर जसंच्या तसं येतं. कड्याला ॲथलेटिक्स डीसी १०, दोर लागला की पुढच्यांना रोल नको. चढताना एका फुटाला दोन फूट चाल खर्ची पडते, म्हणजे ३० फुटी भिंतीला दोन टर्न, १२ सेकंद. एकाच शिडीवरून एकामागून एक पाच जण चढले तर एक मिनिट. पडल्यास दर १० फुटांना एक डी६ (सहा बाजूंचा फासा) इजा, म्हणजे माथ्यावरून ३डी६, सरासरी साडेदहा. पहिल्या लेव्हलचा चोर तेवढ्यात आडवा होतो.

गस्त अशी मांडा : तटाचा भाग ६०० फूट, गार्ड मिनिटाला ३०० फूट चालतो. शिडीवरून पुढे गेला की टोक गाठून परत यायला, शिडी अगदी दुसऱ्या टोकाला असेल तर, चार मिनिटं मिळतात. शिडी मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला दोनच. हे खेळाडूंना सांगायचं नाही, त्यांनी खाली बसून मोजायचं. कापसाचे जोडे केले तर स्टेल्थला ॲडव्हान्टेज द्या. चेनमेलचा डिसॲडव्हान्टेज त्याने फिटतो आणि एकच सरळ फासा उरतो. खोकण्याची खूण ज्याच्या लक्षात आली त्याला डिसेप्शनचा (फसवण्याचा) रोल देऊन तसंच खोकू द्या.

आणि खरा पेच पुढे आहे. कॅप्टन ब्रूस वीस शिपायांसह वर चढून कठड्याआड दबून बसला. मागची कुमक अजून शिडीवर असतानाच त्यातल्या तिघांनी जवळच झोपलेल्या शिबंदीवर गोळ्या झाडल्या, किल्ला जागा झाला आणि बेत बुडता बुडता वाचला. तुमच्या टेबलावरही हेच होणार आहे : झोपलेला गार्ड दिसला की कोणाला तरी स्नीक अटॅक सुचतोच. तेव्हा निम्मी पार्टी वर, निम्मी दोरावर असेल अशा क्षणी तो झोपलेला गार्ड बरोबर त्यांच्या हाताशी ठेवा. चकित झालेल्या शत्रूची पहिली टर्न २०१४ च्या नियमांत वाया जाते. २०२४ च्या नियमांत त्याला फक्त इनिशिएटिव्हवर (कोण आधी खेळणार याच्या रोलवर) डिसॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे ओरडायला तो मोकळाच. कुठले नियम चालू आहेत हे दोर बांधायच्या आधी टेबलावर ठरवून घ्या.

प्रश्न : चोर आहे म्हणून पार्टीतल्याच मित्रांचे खिसे मारले तर? ‘माझं पात्र असंच वागेल’ असं आमचा एक जण म्हणतो. (दाणा ओळी)

उत्तर : पात्र त्यानेच बनवलं आहे, तेव्हा त्याला दुसरं बनवायला सांगा. ज्याचा खिसा मारायचा त्या खेळाडूने आधीच मजेत ‘चालेल’ म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. मग रोलही घेऊ नका, काय गेलं ते त्यालाच ठरवू द्या.