लायसन्सवरची हेवी काढून टाकू, की राहू देऊ?

प्रश्न : उस्ताद, नमस्कार. वय ५७, तासगाव तालुक्यातला. १९९० साली लायसन्स काढलं, दोन वर्षांनी त्यावर हेवी, म्हणजे ट्रकचा वर्ग, चढवला. तेव्हापासून बेदाणा, द्राक्षं, मधली काही वर्षं साखर, अशी भाडी मारली. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत म्हणून गाडी विकली. लायसन्सवरची टीआरची तारीख तीन महिन्यांत संपते. एजंट म्हणतो, कमर्शियलचं साधं लायसन्स करून घ्या, नाहीतर सगळंच बाद होईल; खर्च साडेचार हजार. मला आता फक्त स्कूटर आणि जावयाची अल्टो चालवायची आहे. पुतण्याचा ड्रायव्हर आला नाही तर कधीमधी त्याचा पिकअप मार्केट यार्डापर्यंत न्यावा लागेल. काय करू?

उत्तर : दादा, साडेचार हजार खिशातच राहू द्या आणि लायसन्स काढून चष्मा लावून बघा. कार्ड एकच आहे, पण त्यावर तारखा दोन आहेत. ‘एनटी’ लिहिलंय ती घरच्या गाडीची आणि ‘टीआर’ लिहिलंय ती धंद्याच्या गाडीची. तीन महिन्यांनी टीआर संपली की हेवी आपोआप थांबेल. एनटी स्वतःच्या तारखेपर्यंत चालत राहील. त्यासाठी अर्ज नको, फी नको, कुणाच्या हातापाया पडणं नको.

तुमची एनटीची तारीख मी इथे बसून सांगू शकतो, बरोबर आहे का ते ताडून बघा. १९९० ला काढलेल्या लायसन्सची पहिली मुदत केव्हाच संपली. पुढचं नूतनीकरण पन्नाशीपर्यंतचं, म्हणजे २०१८. त्यानंतर पाच वर्षं, २०२३. त्या साली पुन्हा केलं असेल तर आता २०२८. आणि टीआर आधी तीन वर्षांची असायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षांची झाली. म्हणून तर आपण जन्मभर आरटीओच्या दारात उभे. सगळी धावपळ टीआरसाठी व्हायची, त्यामुळे एनटी नावाची वेगळी तारीख असते हेच आपल्यातल्या निम्म्यांना माहीत नाही. एजंटांचं दुकान त्यावरच चालतं.

आता स्कूटर. तुम्ही सहज लिहून टाकलंत, पण मला धास्ती तिचीच आहे. कार्डावर एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटरसायकल, किंवा निदान बिनगिअरच्या दुचाकीचा वर्ग आहे का? तीस-तीस वर्षं दहा टायर हाणलेले उस्ताद मी बघितलेत, ज्यांच्या लायसन्सवर दुचाकीच नाही. ट्रक चालवतो म्हटल्यावर स्कूटर कोण विचारतंय, असा हिशेब. पोलीस विचारत नाही, पण धडक झाली की विमा कंपनी पहिलं तेच विचारते. नसेल तर तो वर्ग चढवून घ्या. शिकाऊ लायसन्स, मग चाचणी. खर्च करायचाच तर तिथे करा.

पुतण्याचा पिकअप चालेल. आरसी बुकात ‘एकूण वजन’ असा रकाना असतो, म्हणजे मालासकटचं कमाल वजन. ते ७,५०० किलोच्या आत असेल तर नुसतं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स, पुरतं, पाटी पिवळी असली तरी. हे सुप्रीम कोर्टानं २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात सांगितलं, आणि विमा कंपन्यांनी त्यावर बरीच कुरकुर केल्यावर ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तेच कायम केलं. पिकअप, छोटा हत्ती, ४०७ आरामात बसतात. मात्र गॅस, पेट्रोल, ॲसिड असा धोक्याचा माल भरला असेल तर हा निकाल कामाचा नाही, त्याला वेगळी मान्यता लागते. आणि सवय म्हणून ओळखीच्या कुणाची दहा टायर ‘जरा पुढे घे’ म्हटल्यावर चढू नका. टीआर संपल्यावर ती गाडी तुमच्यासाठी विनालायसन्स. दंड तुम्हाला ५,००० आणि गाडी हातात देणाऱ्या मालकालाही ५,०००.

आता एजंट नेमकं काय करणार होता ते सांगतो, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः पडलोय. ऑनलाइन अर्जांमध्ये ‘सरेंडर’ नावाचा एक प्रकार असतो. लायसन्सवरचा एखादा वर्ग आपणहून परत करायचा. २०२० साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गाडी सोडली, आणि आमच्या भागातल्या एका एजंटानं पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सही ठोकली. नवं कार्ड आलं, सुबक, गुळगुळीत, त्यावर हेवी नाही. महिनाभर काही वाटलं नाही. दीड वर्षानं ड्रायव्हिंग स्कूलवाल्या मित्रानं विचारलं, पोरांना हेवी शिकवायला येता का? येतो म्हणालो, लायसन्स दाखवलं, तो हसायला लागला.

मग काय, शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात. त्याच मित्राच्या स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून नाव घातलं, कारण हेवीला स्कूलचं प्रमाणपत्र लागतं. कोल्हापूरचा गूळ भरून गुजरातच्या किती फेऱ्या केल्या त्याचा हिशेब नाही, खंबाटकी रात्रीची डोळे मिटून सांगतो, आणि माझ्या शेजारी बसलेलं चोवीस वर्षांचं पोरगं मला सांगतंय, ‘काका, आरशात बघा.’ बघितलं. नशीब इतकंच की आठवी पासची अट २०१९ ला निघाली होती. माझी शाळा सहावीत सुटली. ती अट असती तर हेवी कायमची गेली असती.

म्हणून दादा, सरेंडर करू नका. तारीख संपू द्या. नुसती संपलेली टीआर वर्षाच्या आत नूतनीकरणाला नेता येते, फार तर जादा फी बसते. तेवढ्या काळात गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मन बदललं, तर दार उघडं असतं. फक्त त्या वर्षात हेवीवर बसायचं नाही. पूर्वी संपल्यावरही तीस दिवस चालत होतं, ती सवलत २०१९ ला गेली.

हेवी सुटली म्हणजे डॉक्टरचा दाखला सुटला, असं तुम्ही धरून चालला असाल. तसं नाही. चाळिशीनंतर घरच्या गाडीच्या नूतनीकरणालाही नमुना १-अ चा तो दाखला लागतोच. २०२८ ची तारीख आत्ताच घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. ती संपायच्या आधी वर्षभर कधीही अर्ज करता येतो, आणि मुलीला मोबाईलवर सारथी, म्हणजे लायसन्सची सरकारी वेबसाइट, उघडता येत असेल तर तिच्याकडून भरून घ्या.

खाकी शर्टाचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत. माझे दोन अजून कपाटात आहेत, बायको फडक्याला मागते, मी देत नाही.

प्रश्न : टीआर संपून चौदा महिने झाले. दंड भरून काम होईल का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. बारा महिने असते तर झालं असतं. आता पुन्हा चालवून दाखवावं लागेल. मधल्या चौदा महिन्यांत गाडी चालवली का, हे मी विचारत नाही, तुम्हीही कुठे लिहून देऊ नका. चाचणीला जाताना चप्पल नको, बूट घाला, आणि रिव्हर्सला घाई करू नका. जुने ड्रायव्हर नापास होतात ते तिथेच, कारण आयुष्यभर मागून क्लीनर ओरडायचा, ‘येऊ दे, येऊ दे, बस!’