‘गुण साठ टक्के आनुवंशिक’ म्हणजे नेमकं काय?

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या मॅडमनी प्रश्न पाठवलाय. ‘मुलांचे परीक्षेतले गुण साठ टक्के आनुवंशिक’ अशी बातमी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. पुढच्या पालकसभेत एक वडील म्हणाले, “मग मॅडम, पोऱ्याचं गणित माझ्यासारखंच राहणार. तुम्ही कशाला जीव काढता?” मॅडमना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शब्द ‘अनुवंशिक’ की ‘आनुवंशिक’? त्या साठ टक्क्यांचा अर्थ काय? आणि ‘जीन्स’ लिहावं की ‘जनुकं’?

पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. ‘अनुवंश’ला ‘इक’ लागला की आद्य स्वराची वृद्धी होते, म्हणून ‘आनुवंशिक’. समाज-सामाजिक, अनुषंग-आनुषंगिक, तसंच हे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला धडाही ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असाच आहे. बोलताना कोणी ‘अनुवंशिक’ म्हणालं तर कान धरायची गरज नाही, फळ्यावर मात्र काना द्या.

खरी गोची दुसऱ्या प्रश्नात आहे. अशा बातम्यांमागे बहुतेक वेळा इंग्लंडमधलं जुळ्यांवरचं संशोधन असतं. १९९४ ते १९९६ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेली हजारो जुळी त्यात लहानपणापासून पाहिली गेली. तिथली मुलं सोळाव्या वर्षी शाळेची एक मोठी परीक्षा देतात, आपल्या दहावीसारखी. त्या निकालांवर २०१३ साली निबंध आला. इंग्रजी, गणित आणि विज्ञान मिळून आकडा निघाला ५८ टक्के. एकट्या गणिताचा ५५. पद्धत अशी की एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात, वेगवेगळ्या बीजांडांतून झालेल्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात, पण घर दोन्हींना एकच. पहिल्या प्रकारच्या जोड्यांचे निकाल एकमेकांशी जास्त मिळतेजुळते निघाले, तर किती जास्त यावरून हिशोब मांडतात.

आता बातमीचा मथळा पाहा. ५८ टक्के हे ‘गुणांचे’ नाहीतच. ते आहेत मुलामुलांमधल्या गुणांच्या फरकाचे. एखाद्याला पासष्ट मार्क पडले, त्यातले अडतीस आईबापाचे आणि सत्तावीस मास्तरांचे, अशी वाटणी या आकड्यातून करताच येत नाही. कुणाला नव्वद आणि कुणाला पस्तीस का, हा जो पसारा आहे, त्यातला किती भाग जनुकांच्या वेगळेपणाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. आणि तेही त्या देशातल्या, त्या वर्षांतल्या, त्या शाळांमधल्या मुलांपुरतं. ‘फरक’ हा तीन अक्षरी शब्द मथळ्यातून गळाला आणि पालकसभेत एका बापानं हात टेकले.

खान्देशात हे समजवायला केळीची बाग पुरते. रावेर-यावलकडे टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली रोपं लावतात, ग्रँड नैन वाणाची. सगळी एकाच वाणाची, जनुकांनी जवळपास हुबेहूब. तरी एकाच बागेत बांधाकडच्या झाडाचा घड बारा किलोचा आणि मधल्या ओळीतल्या झाडाचा सव्वीस किलोचा भरू शकतो. ठिबकची नळी चोंदलेली असते, उन्हाळ्यात पश्चिमेच्या गरम वाऱ्यानं पानं फाटलेली असतात, कुठे जमीन चोपण असते. या बागेपुरता घडाच्या वजनातल्या फरकात जनुकांचा वाटा किती? जवळपास शून्य. म्हणजे केळीच्या वजनाशी जनुकांचा संबंध नाही का? आहे की! ग्रँड नैन आहे म्हणून तर एवढा घड येतो. पण फरक पाडायला जनुकांत फरकच नाही, म्हणून आकडा शून्य. उलट पाच वाणांची रोपं मिसळून लावली आणि प्रत्येकाला पाणी-खत मोजून सारखं दिलं, तर तोच आकडा चढेल. पीक तेच, शेतकरी तोच, आकडा मात्र दुसरा.

शाळेचंही असंच आहे. दिवाळीनंतर नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पोरं बरोबर जातात. वर्गातली अर्धी मुलं निम्मं वर्ष फडावर आणि अर्धी रोज शाळेत असतील, तर निकालातला मोठा फरक त्या गैरहजेरीचा असणार; जनुकांचा वाटा आपोआप खाली येईल. इंग्लंडचा आकडा उचलून या वर्गाला चिकटवता येत नाही. अमेरिकेत २००३ मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांवरचा अभ्यास आला होता. गरीब घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यांकातल्या फरकात जनुकांचा वाटा जवळपास शून्य निघाला, सधन घरांत पुष्कळ. पुढे युरोपात आणि ऑस्ट्रेलियात तसं दिसलं नाही, म्हणजे तोही काही दगडावरची रेघ नव्हे. मला तर हा आकडा देशोदेशी हलतो हेच त्याचं खरं वागणं वाटतं.

शब्दांच्या अंगानं पाहिलं तर घोळाचं निम्मं मूळ ‘गुण’ या शब्दात आहे. मराठीत गुण उपजत असतो, गुण परीक्षेत मिळतात, औषधाचा गुण येतो, आणि शेजाऱ्याचा गुण लागतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. या म्हणीतला वाण म्हणजे रंग, ‘वर्ण’पासून आलेला, कपाशीच्या पाकिटावरचा नव्हे. म्हणजे रंग अंगचा, तो बदलला नाही. गुण मात्र संगतीनं आला. म्हण बांधणाऱ्यानं गुणाला सरळ परिस्थितीच्या बाजूला बसवलंय! आणि बातमी लिहिणारा ‘गुण आनुवंशिक’ लिहितो, तेव्हा वाचणाऱ्याला मार्क ऐकू येतात की अंगचे गुण, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. अशा ठिकाणी मी बिनदिक्कत ‘मार्क’ लिहीन. शुद्धतेवाल्यांनी रागवावं हवं तर.

दुसरा शब्द ‘वळण’. पोरगं बापाच्या वळणावर गेलं म्हणतो तेव्हा नाकडोळ्यांपासून हट्टीपणापर्यंत जन्माचं सगळं त्यात येतं. पोराला चांगलं वळण लावलं म्हणतो तेव्हा सगळं वाढवण्यातलं. एकच शब्द दोन्हीकडे. वैज्ञानिकांना हा शब्द आवडला असता, कारण त्यांनाही या दोन गोष्टी धड वेगळ्या करता येत नाहीत. आइसलँडमध्ये २०१८ साली एका अभ्यासात आईबापांच्या जनुकांतला मुलाकडे न आलेला अर्धा भाग तपासला. तो भाग मुलाच्या शरीरात नाहीच; तरी त्याचा मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला, आणि तो आलेल्या भागाच्या परिणामाच्या साधारण तीन दशांश होता. बाप वाचतो, घरात पुस्तकं पडलेली असतात, आई अभ्यासाला बसवते. त्यांच्या या सवयींत त्यांच्या जनुकांचाही हात असतो, आणि त्या जनुकांचा परिणाम मुलापर्यंत घरातून पोचतो. बापाच्या वळणावर गेलं की बापानं वळण लावलं, ठरवा आता.

या आकड्याला मराठीत काय म्हणावं, हेही मॅडमनी मागे जोडलंय. ‘आनुवंशिकता’ म्हणजे पिढीकडून पिढीकडे लक्षणं जाणं, ती प्रक्रिया. टक्क्यांच्या मापालाही तोच शब्द वापरला की वरचा सगळा गोंधळ होतो. ‘अनुवंशनीयता’सारखे शब्द बनवता येतील, पण उच्चारतानाच जीभ अडते आणि अर्थ कुणालाच लागत नाही. मी ‘आनुवंशिक वाटा’ म्हणेन. वाटा म्हटलं की मराठी माणूस लगेच विचारतो, कशातला? आणि तोच प्रश्न इथे हवा आहे. तेव्हा मथळा असा: ‘इंग्लंडमधल्या मुलांच्या मार्कांतल्या फरकात आनुवंशिक वाटा ५८ टक्के’. लांब झाला, कबूल, पण त्या वडिलांनी तो वाचून हात टेकले नसते.

राहिलं ‘जीन्स’. बाजारात या शब्दाची पँट मिळते, तेव्हा ‘जनुक’ बरा. नववी-दहावीच्या पुस्तकांतही तोच आहे. जनुक नपुंसकलिंगी, अनेकवचन जनुके, बोलताना जनुकं. शिक्षणाबद्दल लिहिताना ते अनेकवचनातच लिहा. ‘हुशारीचं जनुक सापडलं’ हे वाक्य व्याकरणात बसतं, वस्तुस्थितीत नाही. २०१८ मध्येच ११ लाखांहून जास्त लोकांच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. माणूस किती वर्षं शिकला याच्याशी संबंध असलेल्या १,२७१ जागा त्यात सापडल्या, एकेकीचा परिणाम नखाएवढा. डीएनएभरच्या अशा सगळ्या खुणांची गोळाबेरीज करून काढलेल्या गुणांकानं शिक्षणाच्या वर्षांमधल्या फरकाचा ११ ते १३ टक्के भाग उलगडला, आणि तोही युरोपीय वंशाच्या लोकांत.