पावसाळ्यातील अस्वस्थता: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आयुर्वेदाच्या ऋतुचर्येनुसार, म्हणजे ऋतूप्रमाणे राहण्या-खाण्याच्या नियमांनुसार, ग्रीष्मात साठलेला वात (शरीराच्या तीन दोषांपैकी हालचालींशी जोडलेला दोष) वर्षाऋतूत प्रकुपित होतो, म्हणजे बिघडून वाढतो, आणि आषाढात दिवसचे दिवस आभाळ भरून राहिले की जाणवणारी धडधड, तुटक झोप आणि अकारण धास्ती यांची संगती त्याच्याशी लावली जाते. ही अस्वस्थता निवळावी म्हणून एक ॲक्युप्रेशरचा उपाय करता येतो: मनगटाच्या आतल्या घडीपासून आपल्याच तीन बोटांच्या अंतरावर, मधल्या दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांसारख्या शिरांच्या) मध्ये असलेला बिंदू अंगठ्याने सोसेल इतपत दाबून, संथ श्वास घेत, दोन-तीन मिनिटे धरावा. नवखी मंडळी फार जोर लावतात. त्याने कातडी हुळहुळते, मन शांत होत नाही. मला स्वतःला याहून अधिक आधार रात्रीच्या पादाभ्यंगाचा वाटतो: कोमट तिळाचे तेल तळव्यांना सावकाश चोळावे, आणि पाय घसरू नये म्हणून ते पुसूनच फरशीवर टेकावेत. जेवण ताजे व गरम असावे. तूप घातलेली मुगाची खिचडी उत्तम. अश्वगंधा मात्र आपल्या मनाने सुरू करू नका, कारण गर्भारपणात, थायरॉइडच्या विकारात किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना ती बाधू शकते. मानसोपचारतज्ज्ञांची औषधे या उपायांच्या भरवशावर कृपा करून थांबवू नका. जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोला, तिथे मराठीतही बोलता येते.