विद्यापीठांचे ऑनलाइन कोर्स प्राध्यापक एकटेच बनवतात का?

नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर एकच चेहरा दिसतो, म्हणून तसं वाटतं. प्राध्यापक विषय मांडतात. त्याचे छोटे भाग पाडणं, चित्रीकरण, संकलन, ग्राफिक्स ही कामं बहुधा वेगळी माणसं करतात. ‘स्वयम’च्या कोर्सला व्हिडिओसोबत वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चाही लागते.

माझ्या मते सगळ्यात मोलाची माणसं म्हणजे टीए (टीचिंग असिस्टंट, शिकवण्यात मदत करणारे), बहुतेकदा संशोधक विद्यार्थी. फळ्यावर एक वजाचं चिन्ह राहून गेलं तरी आधी त्यांच्याच लक्षात येतं, आणि शंकांना उत्तरंही बरेचदा तेच देतात.

खानापूर, निपाणी, बेळगावात मराठी माध्यमातून शिकून इंजिनिअरिंगला गेलेल्यांनी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या काही कोर्सचे मराठी अनुवाद जरूर शोधावेत. त्यामागे अनुवादकांचीही मेहनत असते.