जुन्या स्नोमोबाइलच्या इंजिनातून आयडलिंगला घरघर येते, बेअरिंग गेलंय का हे कसं ओळखायचं आणि परत जाऊ नये म्हणून काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी सेकंड हँड घेतली, दोन सिलिंडरचं टू स्ट्रोक इंजिन आहे, आयडलिंगला खालून घरघर येते आणि आधीचा मालक म्हणतो "हिचा आवाज असाच आहे". सगळ्यात आधी एक करा, नीट तपासून होईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. आता कदाचित फक्त बेअरिंग जाईल, पण त्याचा पिंजरा (आतले रोलर जागेवर धरणारी कडी) तुटून रोलर वर गेले की पिस्टन आणि सिलिंडरही हातचा जातो.

पण घरघर म्हणजे बेअरिंगच असं लगेच धरू नका. प्राइमरी क्लच (इंजिनाच्या दांड्यावर बसलेला, बेल्ट फिरवणारा क्लच) झिजला की त्याची वजनं आणि रोलर आयडलिंगला भरपूर वाजतात आणि नवीन माणसाला तो आवाज इंजिनातूनच येतोय असं वाटतं, म्हणून कानावर भरवसा न ठेवता हाताने बघा. बेल्ट काढा, दोन्ही स्पार्क प्लग काढा, इग्निशन बंद ठेवा आणि क्लच धरून इंजिन हळूहळू फिरवा. चांगला क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) तेलात फिरल्यासारखा एकसारखा फिरतो, खराब बेअरिंग हाताला कळतं, ठराविक जागी खरखर लागते किंवा बारीक टिचकी बसते आणि प्रत्येक फेऱ्याला तिथेच. मग क्लच दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. आत-बाहेर किंचित सरकला तर घाबरू नका, तेवढा बहुतेक इंजिनांत असतोच, पण वर-खाली प्ले (ढिलेपणा) जाणवला तर त्या बाजूचं मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला धरणारं बेअरिंग, गेलं असं समजा. दुसऱ्या टोकाला मॅग्नेटोचं फ्लायव्हील असतं, कव्हर काढून त्यालाही तसंच हलवून बघा.

कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांडीचं) खालचं बेअरिंग बघायला सिलिंडर उचलावाच लागतो. काहीजण प्लगच्या भोकातून पिस्टनवर काडी टेकवून क्लच मागेपुढे करतात, त्याने अंदाज येतो पण खात्री होत नाही. सिलिंडर वर घेतला की रॉड सरळ वर ओढा आणि खाली दाबा, या दिशेला प्ले अजिबात नको, टक असा आवाज आला तरी क्रँक गेला. रॉड डाव्या-उजव्या बाजूला हलतो ते मात्र नॉर्मल आहे, तिथे गॅप मुद्दाम ठेवलेली असते आणि ती बघून लोक उगाच क्रँक बदलायला निघतात. तिथेच टॉर्च मारून रॉडच्या खालच्या टोकाचा रंग बघा. निळा-जांभळा झाला असेल तर तेल कमी पडून तापलाय, तपकिरी ठिपके किंवा गंजाचे डाग असतील तर पाणी लागलंय. हे दोन्ही वेगळे आजार आहेत आणि इलाज पण वेगळा, म्हणून रंग बघितल्याशिवाय नवीन क्रँक टाकू नका, नाहीतर तोही त्याच वाटेने जाणार.

कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ते पिस्टन-रिंगचं सांगतं, बेअरिंगबद्दल काहीच सांगत नाही. विकणारे नेमकं तेच दाखवतात.

आता कारण. टू स्ट्रोकमध्ये खाली ऑइलची टाकी नसते, पेट्रोल-हवेच्या मिश्रणासोबत जे थोडं ऑइल क्रँककेसमधून (क्रँक बसतो त्या खालच्या डब्यातून) जातं (काही इंजिनांत पंपाची नळी थेट बेअरिंगवर ऑइल सोडते) त्याच्यावरच सगळी बेअरिंगं जगतात. 8000 आरपीएमला क्रँक सेकंदाला 130 पेक्षा जास्त फेरे मारतो, तिथे ऑइल थोडा वेळ तुटलं तरी बेअरिंग जायला तेवढं पुरतं. म्हणून ऑइल पंपाच्या केबलच्या खुणा जुळतात का बघा, नळ्यांत हवेचे बुडबुडे दिसले तर पंप ब्लीड करा (अडकलेली हवा काढून टाका) आणि ब्लीड केल्यावर पहिल्यांदा टाकीतल्या पेट्रोलमध्ये 50:1 ने ऑइल मिसळूनच चालवा, म्हणजे लिटरला 20 मिली. पेट्रोल संपतंय पण ऑइलची पातळी हलतच नाहीये असं दिसलं तर गाडी तिथेच बंद. क्रँकचं ऑइल सील फाटलं तरी तेच होतं, बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि ऑइलही कमी पोचतं. सील तपासायला इंटेक-एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये 5-6 पीएसआय हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा कुठे येतो ते लगेच दिसतं. बेल्ट फार ताणलेला असेल किंवा क्लच लाइनमध्ये नसेल तर क्लचच्या बाजूच्या बेअरिंगवर लोड येतो, तेही तपासा.

पण माझं स्पष्ट मत, जुन्या स्नोमोबाइलची बेअरिंगं चालवून कमी आणि उभी ठेवून जास्त जातात. उन्हाळाभर गाडी पडून असते, क्रँककेसमध्ये दमट हवा आणि इथेनॉलवाल्या पेट्रोलने ओढलेलं पाणी, त्यात रोलरवर गंजाचा एक बारीक ठिपका पडला की पुढच्या सीझनला तिथूनच पापुद्रा निघायला सुरुवात. उपाय सोपा आहे, सीझन संपला की इंजिन गरम करा, एअरबॉक्स काढून प्रत्येक कार्बोरेटरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज टाळणारं फवाऱ्याचं ऑइल) मारत रहा, धूर येऊन इंजिन बंद पडेपर्यंत, मग प्लगच्या भोकातून थोडं मारून हाताने काही फेरे फिरवा आणि इंटेक-एक्झॉस्टला कापड कोंबून ठेवा, उंदरांचापण बंदोबस्त होतो. आणि "इंजिन मोकळं रहावं" म्हणून उन्हाळ्यात मधूनमधून दोन मिनिटं स्टार्ट करायची सवय सोडा, तेवढ्यात इंजिन पुरतं गरम होत नाही, आत पाणी धरतं आणि फॉगिंगचं ऑइल धुतलं जातं.

बेअरिंग गेलंच असेल तर एक लक्षात ठेवा, या इंजिनांचा क्रँक सहसा प्रेस करून जोडलेला असतो. बाहेरची बेअरिंगं पुलरने निघतात, पण मधलं आणि रॉडचं बदलायला क्रँक उघडून परत दाबून डायल गेजवर मिलिमीटरच्या शतांशात सरळ करावा लागतो, ते क्रँकचं काम करणाऱ्याकडेच द्या. तोपर्यंत इकडे क्रँककेसचे दोन्ही अर्धे वेगळे करून केरोसीनने धुवा, ऑइलचे बारीक मार्ग हवेने फुंकून काढा आणि सील सगळी नवीन टाका, कारण जुन्या बेअरिंगचा चुरा त्या कोपऱ्यांत राहिला तर नवीन क्रँकही तोच खाणार.