लहान मुलांना अ‍ॅनिमेतला अजस्र रोबोट काढायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नऊ वर्षांच्या भाच्याला अ‍ॅनिमेतला, म्हणजे जपानी कार्टूनमधला, अजस्र रोबोट काढायला शिकवायचं आहे, आणि तो स्वतःच म्हणतो की त्याचा रोबोट ‘खेळण्यातला वाटतो, मोठा वाटतच नाही’. हे त्याचं त्याला जाणवलं, म्हणजे त्याची नजर तयार आहे. मी लहान मुलांना चित्रकला शिकवतो. माझ्याकडे बहुतेकांचा पहिला रोबोट असाच असतो: भलंमोठं डोकं, काटकुळे पाय आणि अंगभर स्क्रू-बटणं. मुलं चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि त्यावर इतकी रमतात की पाय खाली उरलेल्या जागेत कोंबावे लागतात.

म्हणून मी पायांपासून सुरुवात करायला लावतो. ए-फोर कागद उभा धरून मधोमध आडवी घडी घालायची. घडीच्या खाली फक्त पाय, वर बाकी सगळं. आधी तळाशी दोन जाडजूड पावलं, मग नडग्या, गुडघे, मांड्या, कंबर, छाती, खांदे असं चढत जायचं. डोकं सगळ्यात शेवटी, तेही लहान. रोबोट २५ सेंटिमीटर उंच झाला असेल तर डोक्याला अडीच सेंटिमीटर पुष्कळ झाले. ‘एवढंसं डोकं?’ असं मुलं हमखास विचारतात. काढू द्या, कागद भिंतीला टेकवून लांबून दाखवा. पुढचं समजावावं लागत नाही.

आता माझी आवडती गंमत. रोबोटच्या पायाशी एक माणूस काढायला सांगा, नुसता काडीचा माणूसही चालेल. २५ सेंटिमीटरच्या रोबोटजवळ अडीच सेंटिमीटरचा माणूस काढला, तर (खरा माणूस सुमारे १.७ मीटरचा धरून) रोबोट साधारण १७ मीटरचा होतो. तो माणूस खोडून १ सेंटिमीटरचा काढला, की तोच रोबोट ४० मीटरच्या वर जातो. रोबोटची एक रेघही बदललेली नसते! १९७९ साली आलेल्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला ‘गंडम’ हा मूळ रोबोट १८ मीटरचा आहे, म्हणजे अडीच सेंटिमीटरचा माणूस त्याच्याजवळ बरोबर शोभतो. त्याच मापाचा पूर्णाकृती पुतळा टोकियोच्या ओदाइबा भागात २००९ मध्ये उभा केला होता. पायथ्याशी उभं राहून काढलेले त्याचे फोटो शोधून भाच्याला दाखवा, कारण पुढचा मुद्दा त्यात डोळ्यांना दिसतो.

तो मुद्दा असा: आपण जमिनीवर उभे राहून वर बघतोय. म्हणून क्षितिजरेषा त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे रोबोटच्या घोट्यांच्या आसपास आली पाहिजे. मुलं ती बहुधा कंबरेपाशी काढतात आणि तिथेच रोबोट बुटका होतो. पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे कागदावर दूर-जवळ दाखवण्याच्या नियमांचा, धडा या वयात देऊ नका, एक नियम पुरे. क्षितिजाच्या वर हातापायांवर जे पट्टे येतील ते कमानीसारखे वर फुगलेले काढायचे, आणि जितकं वर जाल तितकी कमान जास्त. छातीच्या ठोकळ्याची खालची बाजूही थोडी दिसू द्या. एवढ्याने मान वर करून बघितल्यासारखं वाटू लागतं.

आकारांचं फार अवघड नाही. छाती म्हणजे खाली निमुळता होणारा ठोकळा, खांदे म्हणजे दोन वेगळे डबे, मांडी बारीक आणि नडगी बेलबॉटमसारखी खाली पसरलेली. खांदा, कोपर, गुडघा इथे चिलखताच्या तुकड्यांमध्ये फट ठेवून ती सरळ काळी भरायची. सांधा आत कसा फिरतो हे काढायची गरज नाही, त्या काळ्या फटीमुळेच अंग वेगवेगळ्या भागांचं वाटतं. हाताची बोटं मोठ्यांनाही छळतात, म्हणून एका हाताची मूठ चौकोनी ठोकळ्यासारखी काढा आणि दुसरा ढालीमागे लपवा. लबाडी आहे, पण चालते.

चेहऱ्यावर तोंड नको. कपाळपट्टीच्या सावलीत नाकाकडे उतरणारे दोन अरुंद, टोकदार डोळे आणि हवं तर कपाळावर शिंगं, बस्स.

अ‍ॅनिमेतले असे रोबोट आत बसलेला माणूस चालवतो. म्हणून तपशील भरण्याआधी भाच्याला विचारा, चालक कुठे बसतो? १९७२ च्या ‘माझिंगर झेड’ या मालिकेत तो डोक्यात बसतो, गंडममध्ये धडात. जागा ठरली की तिथे माणसाच्या मापाचं इवलंसं दार काढायचं, जवळ शिडी, एखादा दिवा. बारीक काम त्या दोन-तीन ठिकाणीच, बाकीचे पत्रे कोरे. सगळीकडे सारखे स्क्रू मारले की रोबोट पुन्हा खेळणं होतो.

बाहेरची रेघ जाड, आतल्या बारीक. सावलीसाठी पेन्सिल बोटाने चोळू देऊ नका. जुन्या अ‍ॅनिमेत प्लास्टिकच्या पातळ पारदर्शक पत्र्यांवर हाताने सपाट रंग भरत, त्यामुळे उजेड आणि सावली यांच्यामध्ये चक्क धारदार रेघ असायची. तीच पद्धत मुलांना सोपी जाते: उजेड डावीकडून, तर प्रत्येक ठोकळ्याची उजवी बाजू एकसारखी गडद.

पट्टी द्यायची का, हेही तुम्ही विचारलंय. कच्च्या रेखाटनाला अजिबात नाही. हात आखडतो आणि रोबोट ताठ खांबासारखा उभा राहतो. शेवटी पक्की रेघ ओढताना शस्त्र आणि ढालीपुरती द्या. आणि खोडरबर पहिली पंधरा मिनिटं तुमच्या खिशात असू द्या.